अनंतकाका आणि गोदामातली चूल

अनंतकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच ओट्यावर. ते उकिडवे बसले होते आणि आमच्या जुन्या इरल्याला सुतळीने चिठ्ठी बांधत होते. पावसात भात लावताना पाठीवर घ्यायचं बांबूचं आणि पानांचं ते इरलं. आता सगळे प्लास्टिकचा कागद घेतात, म्हणून आमचं इरलं बरीच वर्षं चुलीच्या वर नुसतं टांगलेलं होतं. आईने ते काढून दिलं होतं. मला वाटलं, शहरातून आलेला हा माणूस इरलं विकत घेतोय म्हणजे डोक्याने जरा कमीच असेल.

चिठ्ठी बांधून झाल्यावर काकांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं, मध्ये कार्बन घातला, मन लावून लिहिलं आणि पावती फाडून आईच्या हातात दिली. आई म्हणाली, "मला कुठे वाचता येतं? ही वाचंल. आठवीपर्यंत होती."

मी कुडाच्या भिंतीमागे उभी होते. घरी कोणी आलं की मी तिथेच जायची. त्याच वर्षी तलासरीकडच्या आश्रमशाळेतून घरी आले होते आणि परत गेले नव्हते. काकांनी आईकडून पावती घेऊन कुडाच्या कडेने आत सरकवली आणि म्हणाले, "वाच बाय, मोठ्याने. मी काही चुकीचं लिहिलं असेल तर आईला कळायला पाहिजे."

माझा आवाजच फुटेना. दुसरा कोणी असता तर हसला असता, नाहीतर "लाजते का गं" म्हणाला असता. काका थांबले. मग म्हणाले, "मनात वाचलंस?"

मी कडेने डोकावून मान हलवली.

"माल काय लिहिलाय, इरलंच ना? मालकाच्या जागी आईचंच नाव आहे? हालत, जरा फाटकं?"

तिन्ही वेळा मान हलवली.

"परत न्यायची तारीख?"

मी मान आडवी हलवली. ती जागा कोरी होती.

"बरोबर. कोरीच आहे. म्हणजे तुम्हाला पाहिजे तेव्हा न्यायचं. आज संध्याकाळी पाहिजे तर आज." मग आईकडे बघून म्हणाले, "झालं वाचून. इतक्या नीट पावती वाचणारं माणूस मला नोकरीत भेटलं नाही."

काकांच्या पंचाहत्तरीच्या या पुस्तकात त्यांच्याबद्दल मोठी मोठी माणसं लिहिणार आहेत. समितीच्या वनिताबाई मला म्हणाल्या, "जानकी, तू पण लिही. बोलतेस तसं लिही." मी म्हटलं, मी कुठे बोलते? तर म्हणाल्या, "चुलीजवळ बोलतेस तसं." म्हणून मी चुलीबद्दलच लिहिणार आहे. बाकीचं ते लोक लिहितील. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

काका मूळ चिंचणीचे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर डहाणूला राहिले. पालघर जिल्हा नवीन झाला त्याच वर्षी त्यांनी गंजाडला भाताचं एक रिकामं गोदाम मागून घेतलं आणि आपल्या भागातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय सुरू केलं. पण ते चालवलं पार्सल ऑफिससारखं. त्यांचं म्हणणं असं, की वस्तू ज्याची त्याचीच राहणार, आपण फक्त सांभाळणार. घरात लग्न निघालं, पूजा निघाली, की पावती दाखवायची, वस्तू न्यायची, काम झालं की आणून ठेवायची. कुणाचं मुसळ हळदीला जायचं, कुणाची तांब्याची घागर बारशाला. जायची तेव्हा काका चिठ्ठी तपासायचे आणि म्हणायचे, "जाऊन या." वस्तूला म्हणायचे, माणसाला नाही.

आईला गोदाम सारवायचं काम मिळालं आणि आईबरोबर मी जायला लागले. सकाळी चिकूच्या वाडीवर, दुपारनंतर गोदामात. काकांनी मला चिठ्ठ्या लिहायला दिल्या. माझं अक्षर बरं आहे. चिठ्ठी लिहिताना बोलावं लागत नाही, हे त्यांनी ओळखलं असणार. तसं कधी बोलून दाखवलं नाही.

एकदा काकांनी चिंचणीच्या कोळी बायकांना बोलावलं होतं, जाळं कसं विणतात ते दाखवायला. त्या आल्या त्या सुक्या बोंबलांची टोपली घेऊनच. आमच्याकडच्या बायका पदर नाकाला लावून बसल्या. कोळणींतल्या एका मावशीने ते पाहिलं आणि म्हणाली, "काय गो, वास येतो काय? रात्री भाकरीबरोबर खाशील तेव्हा नाही यायचा."

माझी आई म्हणाली, "तुम्ही बोंबीलच ठेवा काकांच्या गोदामात. शंभर वर्षं टिकतील."

"आमचा बोंबील शंभर वर्षं? शंभर मिनिटं टिकला तर सांग मला. हा तुझा काका लहानपणी आमच्या ओट्यावरून उचलून पळायचा!"

सगळ्या हसायला लागल्या. काका लाल झाले. मग टोपलीतला एक बोंबील उचलून म्हणाले, "याची पावती करू का?" त्या दिवशी जाळं विणायला आमच्या पाड्यातल्या चार मुली शिकल्या आणि जाताना मावशी आईकडून नागलीचं बी घेऊन गेली. शाळांची मुलं यायची, म्हातारी माणसं यायची, प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी काहीतरी सांगायचं आणि काका ते वहीत लिहायचे. ते दिवस चांगले होते.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या चुकीचं आहे. काकांनी ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि आजपर्यंत घेतलेलीच आहे. म्हणून ते इथे लिहायलाच पाहिजे.

चारोटीला हायवेवर एका मिठाईच्या दुकानाने नवीन फर्निचर केलं आणि जुनी काचेची कपाटं काकांना अशीच देऊन टाकली. काका किती खूश झाले! म्हणाले, आता आपलं संग्रहालय खरं संग्रहालय दिसणार. कपाटांवर स्टिकर तसेच होते, काजू कतली, मोहनथाळ. आम्ही ते खरवडून काढले तरी काजू कतली काही पूर्ण निघाली नाही. मग काका म्हणाले, "काचेत ठेवायच्या आधी सगळ्या वस्तू स्वच्छ धुऊन घ्या. काजळी, धूर, सगळं काढा. लोकांना नीट दिसल्या पाहिजेत."

आई त्या आठवड्यात वाडीवर होती, चिकूचा हंगाम होता. धुवायला मी होते.

सगळ्यात काळी होती सुकऱ्याआजाची घांगळी. घांगळी म्हणजे बांबूच्या दांड्याला दोन सुके भोपळे लावून केलेलं तारांचं वाद्य. भात झोडून झालं की आमच्याकडे कणसरीची पूजा होते, कणसरी म्हणजे धान्याची देवी. भगत घांगळी वाजवत तिची कथा गातो. आमच्या पाड्याचा भगत सुकऱ्याआजा आणि पाड्यात घांगळी त्याची एकच. त्याच्या आजाच्याही आधीची. ती वर्षभर गोदामात असायची आणि कणसरीला आजा पावती घेऊन यायचा.

मला माहीत होतं की ती धुवायची नसते. लहान असताना मी एकदा आमच्या इरल्याची काजळी पुसायला गेले होते, तर आईने हातावर चापट मारली होती. "पुसू नको! त्या धुरानेच तर ते जगतं." बांबूला धूर लागला की आत किडा जात नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून बी चुलीवर, टोपली चुलीवर, घांगळी चुलीवर. मला हे काकांना सांगायचं होतं. मी दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले. पण ते इतके खूश होते. आणि ते एवढे शिकलेले, मी आठवी. मला वाटलं, काचेत गेल्यावर बहुतेक धुराची गरज लागत नसेल.

मी घांगळी काथ्याने आणि पावडरीने घासली. दांडा पिवळा धमक निघाला. काका म्हणाले, "वा! नव्यासारखी झाली." सुकऱ्याआजा एकदा सहज आला होता, त्याने काचेतून बघितलं. नुसतं म्हणाला, "माझी घांगळी काजू कतलीच्या जागी बसली."

पाऊस झाला. पाऊस संपता संपता मला घांगळीखाली पिवळी भुकटी दिसली, बारीक, पिठासारखी. मी ती झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी परत होती. परत झाडली. असं मी रोज करत राहिले आणि रोज ठरवायचे, आज काकांना सांगू. मग शेतात भात कापलं, झोडलं, आणि आजा पावती घेऊन दारात आला.

काकांनी कपाट उघडलं. आजाने दोन्ही हातांनी घांगळी उचलली आणि दांड्यात त्याचा अंगठा आत गेला. आवाज पण झाला नाही. दांडा मधोमध मोडून खाली आला, एक भोपळा आजाच्या हातात, एक काकांच्या.

आजाने हातातल्या भोपळ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "चार पिढ्या धुरात होती, हिला काही झालं नाही काका. तुमच्या काचेत एका पावसात गेली." भोपळे फडक्यात बांधून तो निघून गेला. पावती टेबलावरच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोदाम उघडलं तर दारात माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात पावती. टोपल्या, सुपं, इरली, फुंकून वाजवायची पावरी, मासे धरायच्या बांबूच्या खोया, सगळं परत पाहिजे होतं. काकांनी कुणालाही का म्हणून विचारलं नाही. चिठ्ठी बघायची, सही घ्यायची, वस्तू उचलून त्या माणसाच्या खांद्यावर ठेवायची. कुणीतरी मागून म्हणालं, "धुतली कुणी पण? त्या लाडकीच्या पोरीने ना?" लाडकी म्हणजे माझी आई. मी मिठाईच्या कपाटामागे होते.

काका तिकडे बघून म्हणाले, "धुवायला मी सांगितलं. पावतीवर सही माझी आहे. बोलायचं ते मला बोला."

दुपारपर्यंत अर्धं गोदाम रिकामं झालं. माणसं गेल्यावर काका पायरीवर बसले. चहा आणला होता तो तसाच राहिला, वर साय आली. मला वाटलं, आता हे उद्यापासून येणार नाहीत. डहाणूहून दोन शेअर रिक्षा बदलून या वयात माणूस कशाला येईल, रिकामी कपाटं बघायला? आणि हे सगळं माझ्या न बोलण्याने.

मी जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले आणि पाठीकडे बघूनच बोलले. समोर बोलता आलं नसतं. म्हटलं, "काका, मला माहीत होतं. धूर काढायचा नसतो. भुकटी पण मी पाहिली होती. झाडत होते रोज."

ते वळले नाहीत. "मग बोलली का नाहीस बाय?"

"तुम्ही मोठे. मी आठवी."

त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. मग म्हणाले, "पार्सलात लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या हमालाने मला दम दिला होता. म्हणाला, साहेब, जो पेटी उचलतो त्याला विचारल्याशिवाय पेटी हलवायची नाही. सगळी नोकरी मी त्याचं ऐकलं. इथे आलो आणि विसरलो." मग उठले. मला वाटलं घरी निघाले. तर म्हणाले, "चल. सुकऱ्याभाऊंकडे जायचंय. मी माफी मागेन. पण पुढचं मला येत नाही, पुढचं तू बोलायचं."

सुकऱ्याआजा अंगणात दोरी वळत बसला होता. त्याने वर बघितलं नाही.

काका म्हणाले, "सुकऱ्याभाऊ, माफी मागायला आलोय."

"माफीवर तार लागते का?"

"नाही लागत. म्हणून हिला आणलंय. हिला माहीत होतं, मला नव्हतं. मी हिला विचारलं नाही, ती माझी चूक."

आजाने माझ्याकडे बघितलं. "लाडकीची ना तू? बोलता येतं तुला?"

काकांनी काही मदत केली नाही. तिकडे कोंबड्या बघत बसले. मी म्हटलं, "भोपळे चांगले आहेत आजा. फक्त दांडा गेलाय."

"मला दिसत नाय काय? दांडा आणायचा कुठून? आता तोडलेला बांबू ओला. तो सुकंल, धुरात मुरंल, दोन पावसाळे जातील. कणसरी आठ दिवसांवर आली. देवीला सांगू, थांब बाय, साहेबांनी घांगळी धुतली?"

"मुरलेला आहे," मी म्हटलं. "आमच्या चुलीवर. इरलं काकांना दिलं, पण ते ज्या बांबूला टांगलं होतं तो तिथेच आहे. मी जन्मायच्या आधीपासून आहे."

आजाच्या हातातली दोरी थांबली. काका माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आईला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. तिथेच पहिल्यांदा आजा हसला. "आता बोलायला लागली तर आईचं घरच देऊन टाकते!"

आई काही रागावली नाही. काका दारात उभे राहिले आणि बांबू मागितला, तर म्हणाली, "चूल तर नाही ना मागत? मग न्या." काकांनी तिथेच पावतीपुस्तक काढलं. माल: बांबू एक. मालक: लाडकी. हालत: काळाकुट्ट, उत्तम. परत न्यायची तारीख नेहमीसारखी कोरी ठेवली.

मग तीन दिवस काका रोज सकाळी पाड्यात यायचे आणि बांबूचं एक टोक धरून बसायचे. दुसऱ्या टोकाला आजाचं काम चालायचं. आजा त्यांना काही सोडत नव्हता. "हलू नका साहेब. गाडी सुटली का?" "इकडे धरा. तिकडे नाय, इकडे. नोकरीत काय धरायचे तुम्ही?" काका म्हणायचे, "बरं बाबा," आणि धरायचे. त्यांची बोटं काळी झाली. सुलभाकाकू, म्हणजे काकांच्या घरच्या, डहाणूहून डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांचे हात बघून म्हणाल्या, "पार्सलात होता तेव्हा शाई असायची, आता ही काजळी. मी काही स्वच्छ नवरा पाहिलाच नाही."

कणसरीच्या दिवशी उन्हं उतरली तेव्हा खळ्यावर भाताच्या राशीपुढे आजा बसला आणि घांगळी लावली. काका सगळ्यात मागे, पेंढ्यावर बसले होते. पुढे बोलावलं तरी आले नाहीत. पहिली तार वाजली तेव्हा मी आजाकडे नाही, काकांकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. आवाज पहिल्यासारखा नव्हता, जरा जाड येत होता. आजाने कान लावून ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दांडा नव्या घरात आलाय, लाजतोय. जानकीसारखा. बोलंल हळूहळू." सगळं खळं हसलं. मी पण हसले.

पूजा झाली की आजा दर वर्षी घांगळी गोदामात आणून ठेवायचा. त्या वर्षी आणेल असं कुणालाच वाटत नव्हतं. पण आला. घांगळी खांद्यावर तशीच ठेवून दारात उभा राहिला. "ठेवतो. पण काजू कतलीच्या जागी नाय."

"मग कुठे?" काका म्हणाले.

"चूल कुठाय तुमची?"

असं म्हणून त्याने गोदामभर नजर फिरवली, जसं काही चूल नसलेलं घर त्याने पहिल्यांदाच पाहिलं. काका माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मागच्या पडवीत होईल."

आई आणि पाड्यातल्या बायकांनी मागच्या पडवीला कुड घातला, सारवला, चूल मांडली. वर बांबूचा माळा केला. काकांना आगीची भीती. त्यांनी वाळूने भरलेल्या लाल बादल्या ओळीने टांगल्या, स्टेशनवर असतात तशा. आजा म्हणाला, "आता एक घंटा पण लावा." आणि खरंच, दोन दिवसांनी काकांनी घंटा आणून लावली.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी गोदामातली चूल पेटते. घंटा वाजते. एकेका पाड्याच्या बायकांची पाळी असते. कुणी लाकूड आणतं, कुणी चहाची पावडर. धूर वर वस्तूंना लागतो आणि खाली माणसं बोलत बसतात. परत नेलेल्या वस्तू एकेक करून आल्या. सगळ्या नाही, पण पुष्कळ आल्या. फोटो आणि कागद धुरात चालत नाहीत, ते पत्र्याच्या कपाटात आहेत. आणि पावतीत काकांनी एक नवीन जागा छापून घेतली: मालकाचं सांगणं. वस्तू घेताना आता पहिलं हेच विचारायचं, ही घरी कशी ठेवता, काय चालतं, काय चालत नाही. ते मी विचारते आणि मी लिहिते. विचारायचं म्हणजे बोलावंच लागतं. काकांनी हे मुद्दाम केलं का, ते मला माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात आपल्या डहाणू तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हाचं सांगायला पाहिजे. माणसं घराबाहेर झोपत होती. काका रोज सकाळी येऊन एकेका पाड्यात फिरायचे, "सगळे आहेत ना?" एवढंच विचारायचे. आमची रेशन कार्डं, दाखले, लग्नाचे फोटो त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून घेतले, प्रत्येकाची पावती केली. एका धक्क्यात मिठाईच्या कपाटाची काच तडकली. आत काहीच नव्हतं. माळ्यावरच्या वस्तू नुसत्या हलल्या आणि थांबल्या. काका म्हणाले, "बघ, तुझ्या आईचा बांबू आपल्यापेक्षा हुशार."

त्यानंतर मुंबईहून एक साहेब संग्रहालय बघायला आले. मोठे जाणकार होते. माळा बघून म्हणाले, "अहो, हे काय? वस्तूंना धूर? हे आधी बंद करा." मला वाटलं काका सांगतील. काका म्हणाले, "हे खातं आमच्या जानकीबाईंचं आहे, त्यांना विचारा." आणि मला लाज वाटू नये म्हणून खिडकीबाहेर बघायला लागले. मी चार वाक्यं बोलले. मोजून चार. साहेबांनी ती वहीत लिहून घेतली आणि पाचवं विचारलं. मी ते पण सांगितलं.

काकांचं घरचं मी काय लिहू? माझ्या आईला ताप आला तेव्हा सुलभाकाकूंनी तिला आठ दिवस डहाणूला ठेवून घेतलं. मला बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म काकांनी दोन वर्षांपूर्वी आणून दिला. एकदाच म्हणाले, "ड्रॉवरमध्ये ठेवलाय." परत कधी विचारलं नाही. दर वर्षी जुना काढून नवीन ठेवतात, मला माहीत आहे. या वर्षी भरणार आहे. आता छापून येईल, म्हणजे भरावाच लागेल.

एक काळजी आहे. धुराने काकांना खोकला येतो. डॉक्टरांनी चुलीजवळ बसू नका म्हणून सांगितलंय. ते दारात खुर्ची टाकून बसतात, तोंडावर रुमाल, आणि आतलं बोलणं ऐकू आलं नाही की ओरडतात, "काय म्हणाली ती? मोठ्याने सांगा." मग मीच मोठ्याने सांगते.

काकांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत. मला भाषण येत नाही. म्हणून मी शनिवारी चुलीजवळ बसून सगळ्यांना विचारलं, सुकऱ्याआजाला, आईला, चिंचणीच्या मावशीलाही फोन लावला, आणि एक पावती केली. पावतीपुस्तकातून फाडून ती त्यांच्या हातात द्यायची हिंमत होणार नाही, म्हणून इथेच लिहिते.

माल: अनंतकाका, एक.
मालक: सुलभाकाकू, आणि त्यांच्या परवानगीने गंजाड, चिंचणी आणि मधले सगळे पाडे.
हालत: थोडा खोकला, बाकी उत्तम.
मालकाचं सांगणं: धुरापासून लांब ठेवणे. दारातली खुर्ची हलवू नये. शनिवारी चहा वेळेवर द्यावा. बोंबील मागितला तर द्यावा.
परत न्यायची तारीख:

ही जागा आम्ही सगळ्यांनी मिळून कोरी ठेवली आहे.

सही, जानकी.